डाव्या खांद्याची चुणी

“मादाम, ही तुमची का?” असं विचारून मस्यू लेगेंनी टाचणी पुढे धरली, तेव्हा मिरवणूक चढावर अडली होती. पुढे कुठल्याशा घोड्याला ढोलाचा राग आला होता आणि त्याच्यावर स्वार असलेला गुराखी त्याची समजूत काढत होता. त्यामुळे मागच्या बायकांच्या रांगा जागच्या जागी उभ्या होत्या आणि मिस्त्राल वारा तेवढ्यात आपलं काम उरकून घेत होता. रेजीन बार्लातिये पहिल्या रांगेत. तिनं आधी टाचणी पाहिली, मग त्या माणसाची बोटं, मग त्याचा सज्जन, उपकार करून खूश झालेला चेहरा. “माझी नाही,” ती म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. मस्यू लेगे जरा गोंधळले, कारण टाचणी तिच्या पायाशीच पडली होती आणि पडताना त्यांनी पाहिली होती. पण पॅरिसचा माणूस बाईमाणसाशी वाद घालत नाही, निदान ओळख तीनच दिवसांची असताना. त्यांनी ती आठवण म्हणून खिशात टाकली, टोपी उचलली आणि कडेच्या गर्दीत परत गेले. घोड्याची समजूत पटली, मिरवणूक हलली. आणि रेजीनच्या डाव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, जिथे स्वतःचे डोळे पोचत नाहीत तिथे, काहीतरी अगदी हळू सैल झालं.

आता एका टाचणीचं ते काय, असं कुणी म्हणेल. खुशाल म्हणावं, पण इथे, फ्रान्सच्या दक्षिणेला, आर्लमध्ये येऊन, एक मेच्या सकाळी, गुराख्यांच्या सणाला, चार बायकांत उभं राहून म्हणून दाखवावं. इथे बाई पोशाख चढवते तेव्हा खांद्यावरचा रुमाल चुणी चुणी करून मानेपासून कमरेपर्यंत बसवायचा असतो. छातीवर तलम जाळीच्या घड्या घालून एक उभी चौकट करायची असते, तिला आम्ही देवळी म्हणतो. केस सगळे वर घेऊन, त्यांवर मखमली फीत गुंडाळून, तिचं टोक असं सोडायचं असतं की जणू ते वाऱ्यानंच तिथे ठेवलंय. आणि हे सगळं उभं असतं ते टाचण्यांवर. टाचण्या शेकड्यानं, पण दिसायची एकही नाही. दिसली तर बाई पोशाखात नाही, सोंगात आहे. रेजीनला हा शब्द कुणी वापरला की तिच्या अंगाचा तिळपापड होई. तीन दिवसांपूर्वी याच मस्यू लेगेंनी अगदी भाबडेपणानं विचारलं होतं की तुम्ही बायका हे सोंग पाहुण्यांसाठी घेता का, नगरपालिका काही देते का. तेव्हा ती ज्यांची गाइड होती त्या सगळ्या घोळक्यासमोर रेजीननं त्यांना सांगितलं होतं की मस्यू, पाहुणे नव्हते तेव्हाही आम्ही नेसत होतो आणि पाहुणे येईनासे झाले तरी नेसू. सोंग तुमच्याकडे घेतात, ऑफिसला जाताना. घोळका हसला होता. मस्यू लेगेही हसले होते, आणि त्या बिचाऱ्यांच्याच हाताला आज ती टाचणी लागावी.

ती चालत होती. मान ताठ, पाऊल जुन्या फरशीवर हवं तेवढंच पडत होतं. तिला ही चाल शिकवावी लागली नव्हती, ती तिच्यात होतीच, असं तिची आई फेलिसी सांगायची. फेलिसी रोकेतच्या गल्लीत, नदीकडच्या खिडकीशी बसून लेकीला नेसवायची, ओठांत टाचण्या धरून. ओठांत टाचण्या असतानाही ती बोलायची, आणि रागावायचीही. रेजीन हलली की म्हणायची, चुळबुळ करशील तर टाचणी दिसेल, आणि टाचणी दिसली तर लोक तीच बघतील, तुला कोण बघणार. रेजीन सोळाची झाली त्या उन्हाळ्यात आईनं तिला पहिल्यांदा फीत बांधली, आणि पुढच्या वर्षी मागे उभी राहून फक्त पाहत राहिली. त्यानंतर नेसताना रेजीनच्या अंगावर दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. लग्नात नाही, बाळंतपणानंतरच्या पहिल्या सणाला नाही, आणि नवरा गेला त्या वर्षी काळा रुमाल घ्यावा लागला तेव्हाही नाही. आर्लमध्ये प्रत्येक घराचा एक हात असतो. जाणत्या बायकांना पाठीमागून चुण्या पाहून सांगता येतं की ही अमक्या घरची, ही तमक्या आईची लेक. बार्लातियेंकडची म्हणजे खरं तर फेलिसीची चुणी मानेशी उंच, दाट, आणि मग एकदम खाली धावणारी. म्हणून तर दर वर्षी नव्या मुली फीत घेतात तेव्हा त्यांना तपासायला बसणाऱ्या बायकांत रेजीन पहिल्या खुर्चीवर. कितीतरी मुलींना तिनं रडत घरी पाठवलं होतं, आणि त्यांतली एकसुद्धा पुढच्या वर्षी सैल रुमाल घेऊन आली नव्हती. अशी बाई. आणि तिच्या खांद्यावरून चुणी सुटते आहे हे युगेतनं पाहिलं तर संपलंच. युगेत चार बायका सोडून उजवीकडे चालली होती. तिची बालमैत्रीण, तपासणीच्या दुसऱ्या खुर्चीवर वीस वर्षं बसलेली, आणि पहिल्या खुर्चीचा लाकडी हात किती गुळगुळीत झालाय ते दर वर्षी पाहणारी.

खरं सांगायचं तर टाचणी वाऱ्यानं पडली नव्हती, ती कधी नीट बसलीच नव्हती. रेजीनला हे माहीत होतं. पहाटेपासून ती आरशापुढे होती. डावा हात मागे नेऊन खांद्याच्या वळशाशी टाचणी आडवी शिरवायची, ही सगळ्यांत अवघड जागा. आणि डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट गेल्या शरदापासून काहीतरी वेगळंच करत होते. पावाचा चुरा दोन बोटांत घोळवावा तसं. आधी तिनं वाऱ्याला दोष दिला, मिस्त्रालमध्ये सगळ्यांचीच बोटं गारठतात. मग वारा पडला आणि बोटं थांबली नाहीत. मग तिनं हात खिशात ठेवायला सुरुवात केली. पाहुण्यांना माहिती सांगताना ती आता एकाच हातानं कमानी दाखवायची. कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, किंवा तिला तसं वाटत होतं. डॉक्टरकडे ती गेली होती, लपून, शेजारच्या नीम शहराला, जणू कुणा परपुरुषाला भेटायला जावं तशी. डॉक्टरनं आजाराचं जे नाव सांगितलं ते तिनं घरी येईपर्यंत विसरायचं ठरवलं, आणि बऱ्यापैकी विसरलीही.

तीन दिवस त्या पॅरिसच्या घोळक्याला ती सगळीकडे घेऊन हिंडली होती. मोंमाजूरच्या मठाच्या बुरुजावर चढवलं, क्रोच्या माळावर उतरवलं. तिथे दगडगोट्यांपलीकडे काही नाही असं वाटतं, आणि त्याच गोट्यांमधून पाणी खेळवून असा चारा पिकतो की घोड्यांच्या शर्यतीवाले तो जगभर नेतात. कामार्गात भाताची खाचरं, मिठाचे ढीग, बैल आणि पांढरे घोडे दाखवले. कामार्गातले डासही दाखवले, कारण ते कुणी न दाखवताच दिसतात. आणि शेवटी रोमन काळातलं दगडी रिंगण. इतर शहरांत रोमन लोकांचे दगड काचेत ठेवतात, ती म्हणायची, आम्ही त्यांवर बसून बैल बघतो. रोमन गेल्यावर या रिंगणात दोनशे घरं होती, लोक आत राहायचे, चुली पेटायच्या. माझ्या पणजीच्या पणजीचं घर त्या तिथे होतं, असं म्हणून ती एका कमानीकडे बोट दाखवायची. हे खरं की खोटं तिलाही ठाऊक नव्हतं. पण ते सांगताना तिचा आवाज आजवर कधी डळमळला नव्हता, आणि कमानही कधी बदलली नव्हती. सांगताना तिला आपण खरंच त्या घरात जेवल्यासारखं वाटे. गर्व म्हणा हवं तर. असावा माणसाला. बिनगर्वाचा गाइड म्हणजे बिनमिठाचं कालवण. हे सगळं तिचं होतं, नदी, रिंगण, बैल, वारा, आणि ते तिच्या अंगावर चुण्यांसारखं बसवलेलं होतं. आज त्यातली एक चुणी सुटत होती.

त्यात सांद्रीन. सांद्रीन तिची सून, लिलची, पार उत्तरेकडची. ती मागच्या रांगेत चालत होती आणि आज उगाचच अंगाशी येत होती, तिचा परकर रेजीनच्या परकराला घासत होता. रांगांमध्ये हातभर अंतर ठेवायचं असतं, हे अठरा वर्षांत हिला कळू नये? रेजीन मान न वळवता म्हणाली, “जरा मागे सर. माशी चिकटावी तशी चिकटलीयस.” सांद्रीन म्हणाली, सरते. आणि सरली नाही. तिची पावलं अगदी मागे, डाव्या अंगाला, ऐकू येत राहिली. ही बाई पहिल्यापासून अशी. हो म्हणायची आणि स्वतःचंच करायची. लग्न होऊन आली तेव्हा रेजीनला वाटलं होतं दोन वर्षांत परत जाईल, हा वारा भल्याभल्यांना सोसत नाही. ती गेली नाही. इथल्या शाळेत नोकरी धरली, भात कसा शिजवायचा ते शिकली, रेजीनचा लेक घोड्यावरून पडला की त्याला बोलायचं कसं तेही शिकली. मग एक दिवस तिनं पोशाख नेसायचं ठरवलं. सासूला विचारलं नाही. गावातल्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकली, घरी उशीवर रुमाल टाचून सराव करायची, हे लेकानं हसत हसत सांगितलं होतं. पहिल्यांदा नेसून आली तेव्हा रेजीननं तिला खालीवर पाहिलं आणि म्हणाली होती, बरं जमलंय, उत्तरेकडच्या मानानं. सगळे हसले. सांद्रीनही हसली. त्यानंतर एकदा त्यांच्या घरी रेजीनला ती उशी दिसली. खिडकीशी, रुमाल टाचलेली. घरात कुणी नव्हतं. रेजीननं उशी उजेडात धरून नीट पाहिली, दोन्ही बाजूंनी, बोट फिरवून. मग होती तशी ठेवून दिली, आणि त्याबद्दल कधी कुणाशी बोलली नाही.

चर्चमध्ये अंधार गार होता आणि बासरी-ढोलकीचा आवाज दगडाला आपटून परत येत होता. इथल्या जुन्या बोलीतल्या प्रार्थना, घोड्यांचा वास, मेणाचा वास. बाकाशी उभं राहताना सांद्रीन रेजीनच्या उजव्या बाजूला, लेकाच्या ठरलेल्या जागेजवळ जायची, ती आज डावीकडे आली. आली आणि अर्धं पाऊल मागे उभी राहिली. म्हणजे कुणी मागून पाहिलं तर त्याला सासूचा खांदा दिसू नये, सुनेची फीत दिसावी. रेजीनला एकदम सगळं कळलं. चढावर ही अंगाशी का येत होती, माशी म्हटल्यावरही का हटली नाही. म्हणजे हिनं पाहिलंय. टाचणी पडण्याआधीपासून पाहिलंय. आणि आता ही मला झाकतेय. झाकतेय, लोक टेबलावरचा डाग फुलदाणीनं झाकतात तशी. उपकाराचं ओझं वगैरे नाही, रेजीनला सरळसरळ राग आला. इतका, की देवापुढे उभी आहे हेही ती विसरली. तिला वाटलं इथेच वळावं आणि म्हणावं की बघा बघा, सगळ्यांनी बघा, बार्लातियेंच्या घरातला रुमाल सुटलाय. ती वळली नाही. डावा हात रुमालाखाली घेऊन तिनं उजव्या हातानं तो घट्ट धरला आणि प्रार्थना संपेपर्यंत तसाच धरून ठेवला. मागे कुठेतरी युगेत खोकली. युगेत उगीच खोकत नाही, असं रेजीनला नेहमी वाटे.

दुपारच्या खेळांना वेळ होता. दोघी रोकेतच्या गल्लीत रेजीनच्या घरी आल्या. लेक घोडे घेऊन रिंगणाकडे गेला होता. बैलाच्या मांसाचं कालवण रात्रीच केलेलं, सांद्रीननं ते गरम करून भाताबरोबर वाढलं. रेजीननं पोशाखावर मोठा नॅपकिन गुंडाळून दोन घास खाल्ले आणि उठून आरशाच्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं. रुमालाची डावी बाजू तिनं सोडवली. सगळीच सोडवावी लागली, एक चुणी सुटली की बाकीच्या खोटं बोलायला लागतात. मग पहिली टाचणी. ती बसली. दुसरी बसली. तिसरीला हात मागे गेला आणि बोटांनी चुरा घोळवायला सुरुवात केली. तिनं श्वास रोखला, बोटं थांबली, टाचणी लावली, आणि ती तिच्याच मांसात शिरली. खांद्यावर रक्ताचा ठिपका आला. तिनं तो पुसला आणि पुन्हा हात नेला. आरशात तिला एक म्हातारी दिसली, एक हात पाठीमागे पिरगळलेली, कुणी पकडून नेत असल्यासारखी. ही कोण बाई, असं तिला क्षणभर वाटलं. फेलिसी असती तर? फेलिसी या वयापर्यंत जगली नव्हती. आईचे हात शेवटपर्यंत पक्के राहिले कारण शेवट लवकर आला, हे रेजीनच्या मनात आजवर कधी आलं नव्हतं. दुपारी गेलंच नाही तर? डोकं दुखतंय म्हणावं. पण एक मेला रिंगणात रेजीन बार्लातिये नाही, असं आजवर घडलं नव्हतं, आणि युगेत डोकेदुखीची चौकशी करायला संध्याकाळी फुगास पाव घेऊन स्वतः आली असती.

दार उघडून सांद्रीन आत आली आणि चौकटीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, द्या इकडे. रेजीन म्हणाली, नको. टाचणी खाली पडली. दोघींनी ती पडताना पाहिली आणि दोघींपैकी कुणीच वाकलं नाही.

“हिवाळ्यापासून माहीत आहे मला,” सांद्रीन म्हणाली. “कॉफीचा कप तुम्ही अर्धाच भरता.”

रेजीननं विचारलं की माहीत होतं तर बोलली का नाहीस. सांद्रीन म्हणाली की तुम्ही मला कधी काही विचारलंत का, म्हणजे मी बोलेन. आवाज चढला नव्हता. ती शाळेत पोरांना अशीच बोलत असणार, रेजीनला वाटलं, म्हणून पोरं हिला घाबरतात. मग रेजीननं ते म्हटलं, जे म्हणायला तिला खोलीतली सगळी हवा लागली. बांध, ती म्हणाली. पण आमच्या पद्धतीनं बांध, मानेशी उंच, दाट. मी सांगते तसं.

“नाही,” सांद्रीन म्हणाली. “बांधीन ती माझ्या पद्धतीनं. तुमची तुम्ही मला दाखवली नाहीत. मग आता ती मला येणार कुठून?”

रेजीन आयुष्यभर उत्तरं देत आली होती, पाहुण्यांना, पोरींना, नगरपालिकेच्या साहेबांना. रोमन लोक का आले इथपासून बैल का पळतो इथपर्यंत. आता मात्र ती म्हणाली, सगळ्यांना कळेल. चुणी बघूनच कळेल हा माझा हात नव्हे. सांद्रीन म्हणाली, कळेल. एवढंच. समजूत नाही, दिलासा नाही, चालायचंच वगैरे काही नाही. आणि गंमत अशी की त्यानंच रेजीनला बरं वाटलं. दया आली असती तर तिनं हाकलून दिलं असतं तिला. ही बाई दया करत नव्हती, अट घालत होती. अट घालणारं माणूस रेजीनला कळत होतं. ती आरशासमोरच्या स्टुलावर बसली आणि तिनं मान खाली केली.

पन्नास वर्षांत पहिल्यांदा नेसवणाऱ्या कुणाची तरी बोटं तिच्या मानेला लागली. गार होती. साबणाचा वास येत होता, आणि थोडा भाताचा. सांद्रीननं ओठांत टाचण्या धरल्या आणि बोलणं थांबवलं. ओठांत टाचण्या असताना बोलायचं नसतं हे तिला त्या वर्गात शिकवलं असणार, फेलिसीला कुणी शिकवलं नव्हतं. रेजीनला सारखं वाटत होतं, आता चुकेल. आता मानेशी ढिलं सोडेल. आता टोक बाहेर येईल. ती आरशात पाहत होती, तपासणीच्या खुर्चीवरून पाहावं तसं, डोळे बारीक करून, दोष सापडावा म्हणून. देवाशपथ, तिला दोष सापडायला हवा होता. सांद्रीन चुणी उंच घेत नव्हती. मानेशी ती पातळ ठेवत होती, आणि भरणा खांद्याच्या वळणावर करत होती. मग सगळ्या चुण्या एकदम खाली न धावता आधी थोड्या बाहेर जाऊन मग कमरेकडे वळत होत्या. रोन नदी शहराशी वळते ना, तशा. हे कुठल्या घरचं नव्हतं. रेजीननं आर्लमधली प्रत्येक पाठ पाहिलेली होती आणि हे तिनं, ती एक उशी सोडली तर, कुणाच्या पाठीवर पाहिलं नव्हतं. खुद्द सांद्रीनच्याही नाही. म्हणजे असणार, दर वर्षी असणार, पण सुनेची पाठ पाहायची तर सुनेला पुढे चालू द्यायला हवं, आणि सून तर कायम मागच्या रांगेत. टाचण्यांची टोकं ती दंडाच्या दिशेनं, आत वळवून लावत होती. त्यामुळे हात हलला तरी रुमाल ओढला जात नव्हता. रेजीननं मुद्दाम डावा हात वर केला. बोटं थरथरली, रुमाल हलला नाही. हा विचार हिनं कधी केला असेल? गेल्या हिवाळ्यात? त्या अर्ध्या कपाच्या वेळी? तिनं विचारलं नाही. देवळीच्या घड्या नुकत्याच बसल्या होत्या, श्वास जपून घ्यायला हवा होता.

“मानेशी एक जड झालीय,” ती म्हणाली. “डावीकडून दुसरी.”

सांद्रीननं वाकून पाहिलं. जड होती. तिनं काही न बोलता ती सोडवली आणि पुन्हा लावली. चुणीच्या पारखीत रेजीन कुणाशीच खोटं बोलू शकत नसे, आज बोलली असती तर सांद्रीनचाच अपमान झाला असता. मग ती उठली, आरशाकडे पाठ केली, दुसरा आरसा हातात घेऊन पाठ पाहिली. खांद्यापासून कमरेपर्यंत. पुन्हा एकदा. चुकलेली एकही जागा सापडली नाही. मग तिला आपल्या पोटातून वर येणारी एक ओळखीची ऊब जाणवली. हीच ऊब तिला रिंगणाच्या कमानीखाली पाहुण्यांसमोर येते, हीच लेक पहिल्यांदा घोड्यावर बसला तेव्हा आली होती. ती सांद्रीनला म्हणाली, चल, उशीर होतोय. आणि बाहेर पडताना, गल्लीच्या तोंडाशी, ती थांबली. सांद्रीनही मागे थांबली, सवयीनं. रेजीन म्हणाली, पुढे हो ना, किती वेळ ताटकळायचं. सांद्रीन पुढे झाली, आणि रेजीन मागून तिची पाठ बघत चालली. सबंध चढभर.

रिंगणात ऊन भरलं होतं आणि दगड तापले होते. पोशाखातल्या बायकांच्या ओळी नेहमीच्या ठिकाणी बसत होत्या, फिती वाऱ्यावर हलत होत्या, खाली गुराखी घोडे फिरवत होते. मस्यू लेगे आणि त्यांचा घोळका वरच्या कमानींत होता, त्यांनी हात हलवला, रेजीननं मान झुकवली. बसायला वळली, आणि पाठ वळली तेव्हा मागच्या ओळीतलं बोलणं थांबलं. तिला ते थांबणं पाठीवर ऐकू आलं. युगेत मागच्याच पायरीवर होती. रेजीनला माहीत होतं आता ती काय करतेय. डोळे मानेपासून सुरू झाले असणार, मग खांदा, मग वळण, मग पुन्हा मान. तपासणीच्या टेबलाशी वीस वर्षं शेजारी बसून ती युगेतच्या डोळ्यांचा रस्ता ओळखत होती. युगेत पुढे वाकली. तिचं बोट रेजीनच्या डाव्या खांद्यावरून, चुणीच्या कडेकडेनं, हळू खाली गेलं, टाचणी शोधत.

“हा तुझा हात नव्हे,” युगेत म्हणाली. आवाज हळू होता, पण ओळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच हळू.

रेजीनकडे एक वाक्य तयार होतं. जीर्ण झालेला रुमाल, घाई, लेकाच्या घोड्याची गडबड. तिनं त्यातलं काहीच वापरलं नाही. ती पूर्ण वळली, युगेतकडे तोंड करून, आणि कमानीखाली पाहुण्यांशी बोलते त्या आवाजात, रिंगणाच्या त्या अंगाला सगळ्यांना पोचेल अशी म्हणाली, “नव्हेच. माझा हात आता कापतो. सुनेनं नेसवलंय. बघ नीट, सापडते का एखादी.”

युगेतनं तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे. तो आता रुमालाखाली नव्हता, मांडीवर होता आणि आपलं काम करत होता. मग तिनं सांद्रीनकडे पाहिलं. सांद्रीन नेहमीसारखी मागच्या पायरीकडे निघाली होती आणि मध्येच थबकली होती.

“ती लिलची ना?” युगेत म्हणाली.

“होती,” रेजीन म्हणाली, आणि तिनं सांद्रीनचा दंड धरून तिला खाली, आपल्या शेजारी, पहिल्या ओळीच्या दगडावर बसवलं. तेवढ्यात फाटक उघडलं आणि पहिला घोडा रिंगणात आला, तेव्हा सगळ्याजणी तिकडे पाहू लागल्या.